चोवीस तास पाणी

आमच्या शहरात घर भाड्यानं घेणारा माणूस आधी भाडं विचारत नाही. तो विचारतो, "नळ कितव्या दिवशी येतो?" आणि उत्तर मिळेपर्यंत घरमालकाच्या तोंडाकडे टक लावून बघतो. दुसरा प्रश्न असतो, "प्यायचं कुठलं, वापरायचं कुठलं?" हे दोन झाले की मग हवा, उजेड, शेजारी, जात वगैरे किरकोळ चौकशा. शहराचं नाव बदललं, हे प्रश्न बदलले नाहीत. पालिकेचं पाणी आठवड्यातून एकदा, तेही लहर आली तर. ते प्यायचं. बाकी सगळ्याला बोअर. बोअरला मरण नाही, ते रात्रंदिवस येतं. त्यामुळे इथल्या शेंबड्या पोरालाही एक नियम पाठ असतो: ज्या नळाला चोवीस तास पाणी आहे, त्या नळाला तोंड लावायचं नाही.

हा नियम कुठंही लिहिलेला नाही. आपल्याला जे जे माहीत आहे ते ते साऱ्या जगाला जन्मतःच माहीत असतं, असा आमचा ठाम समज आहे.

अशा शहरात येमेनहून एक तरुण पीएचडी करायला आला, आणि बायकोला घेऊन आमच्या बिल्डिंगीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला उभा राहिला. दलालानं स्वयंपाकघरातला नळ सोडला. धो धो पाणी. "ट्वेंटी फोर अवर्स वॉटर, सर!" दलाल म्हणाला, आणि तो अगदी खरं बोलत होता, हेच वाईट. हे दोघं ज्या गावातून आले होते तिथं युद्धात पाण्याच्या टाक्या उडाल्या होत्या आणि बायका डबे घेऊन टँकरमागं धावत होत्या. तो मला नंतर सांगत होता, बायकोनं नळाखाली दोन्ही हात धरले आणि कितीतरी महिन्यांनी हसली. फ्लॅट तिथल्या तिथं पक्का.

म्हणजे दलालानं पक्का केला. सोसायटीनं अजून करायचा होता.

आमची सोसायटी म्हणजे विद्यापीठाच्या बाजूची एक चार मजली इमारत. तिच्यात या शहरात जन्मलेलं एकही मोठं माणूस नाही. मी स्वतः बदलीवर आलेल्या कारकुनाचा मुलगा. आमचे सेक्रेटरी पिशोर नावाच्या खेड्यातले. शिकायला म्हणून आले, पत्र्याच्या खोलीत तिघांत एक गादी करून राहिले, हे ते स्वतःच दरवर्षी गणपतीत डोळे ओले करून सांगतात. हे सेक्रेटरी मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "बाहेरचे लोक हायेत. आपल्याला त्यांचं काय माहीत नाय. उद्या काय झालं तर?"

"काय होईल?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत? म्हणून तर म्हणतो, माहीत नाय."

मी आयुष्यभर हौशी नाटकात कामं केली, पण एवढा गोल संवाद एकाही नाटककाराला जमलेला मला आठवत नाही. मग कुणी मटणाचा वास काढला, कुणी त्यांच्या पाहुण्यांची गर्दी काढली, पाहुणे अजून विमानातही बसले नव्हते तरी. शेवटी पुण्यात राहणाऱ्या फ्लॅटमालकानं फोनवर सगळ्यांना कायद्याचा धाक घातला आणि प्रश्न मिटला. एरवीही आमची माणुसकी अशी फोनवरूनच जागी होते.

दोघं राहायला आले. तो किडकिडीत, चष्मेवाला, अतिशय अदबशीर. जिन्यात कुणीही दिसलं की भिंतीला चिकटून वाट द्यायचा, जणू जिना आमच्या बापाचा. माझ्याशी इंग्रजीत बोलायचा, मी ते इथं मराठीतच सांगतो. मला 'अंकल' म्हणायचा. ती वीस-बावीसची असेल. बाहेर पडताना नखशिखांत काळा बुरखा, पण फार वेळ पडायचीच नाही. भाजीवाली मावशी खाली बिल्डिंगीच्या दारात आली की तिच्याशी मात्र तासभर खिडकीतून बोलायची, आणि त्यातूनच आमच्याकडची हिंदी शिकली. म्हणजे व्याकरण अरबस्तानातलं, शिव्या आमच्या जवळच्या बेगमपुऱ्यातल्या.

काही महिन्यांत कळलं की ती गरोदर आहे. बिल्डिंगीतल्या बायकांना ते तिच्या आधी कळलं असावं.

माझी बायको आणि मी एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो. त्यानं फारच आग्रह केला होता. खाली अंथरलेला गालिचा, भिंतीशी तक्के, खजूर, आणि वेलदोडा घातलेला दाट दुधाचा चहा. मी पहिला घोट घेतला आणि बायकोकडे पाहिलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती. चहा खारट होता. साखर भरपूर, वेलदोडा भरपूर, आणि त्याखाली लख्ख खारटपणा. दूधही जरासं फाटल्यासारखं. समोर ती दोघं आमच्या चेहऱ्याकडे आशेनं बघत होती. आपण सुसंस्कृत माणसं. "वा," मी म्हणालो. बायको म्हणाली, "छान आहे," आणि कप रिकामा केला. त्यानं लगेच परत भरला.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, हे लोक चहात मीठ घालतात वाटतं."

"काश्मिरातही घालतात," मी म्हणालो. मला जगाची माहिती आहे.

दोन दिवसांत ही बातमी बिल्डिंगभर झाली, आणि आमच्यामुळेच असं नाही. सेक्रेटरीणबाईही चौकशीच्या निमित्तानं तो चहा पिऊन आल्या होत्या. जिन्यात, गच्चीवर, पार्किंगमध्ये एकच विषय. "वैनी, चहात मीठ! सांगा आता." "त्यांच्याकडं वाळवंटात घाम लई येतो ना, म्हणून." "मग इथं कशाला? इथं काय वाळवंट हाय?" हा शेवटचा प्रश्न एप्रिलमध्ये, जळत्या गच्चीवर, रिकाम्या टाकीला टेकून विचारला गेला होता. मीही तो किस्सा दोन-चार ठिकाणी सांगितला. किस्सा चांगला होता.

मग तिचे पाय सुजायला लागले.

चौकात एक डॉक्टरबाई आहेत, बाळंतपणं करतात. त्याला रस्ते माहीत नव्हते, म्हणून पहिल्यांदा मीच दोघांना घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी बीपी पाहिलं, भुवया वर केल्या, परत पाहिलं. मग बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, सावकाश इंग्रजीत त्याला म्हणाल्या, "मीठ बंद. कळलं? आणि पाणी भरपूर. दिवसभर पाणी, पाणी, पाणी."

त्यांनी ते देववाणीसारखं पाळलं. मीठ घरातून हद्दपार झालं. भात अळणी, मटण अळणी. आणि ती मुलगी सकाळपासून पेल्यामागून पेले पाणी प्यायची, नाक दाबून, औषध घ्यावं तसं. पुढच्या वेळी बीपी आणखी वर. सूज घोट्यावरून पोटरीपर्यंत. डोकं दुखायचं, डोळ्यापुढं काजवे चमकायचे. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि पुन्हा तेच, मीठ बंद, पाणी भरपूर. ती आणखी पाणी प्यायली.

बिल्डिंगीत तोवर सगळेच डॉक्टर झाले होते. मटणामुळे होतंय. बुरख्यात ऊन लागत नाही म्हणून होतंय. युद्ध पाहिलंय, ते डोक्यात बसलंय. हे शेवटचं मला पटायचं, कारण ते ऐकायला भारदस्त वाटायचं. ती रोज आईला फोन लावायची आणि पलीकडं लागायचा नाही, हेही खरंच होतं. पण एकदा तो जिन्यात मला म्हणाला, "अंकल, लग्नानंतर आमच्या गावात तिची तपासणी झाली होती. रस्त्याच्या टोकाला घरं पडत होती, आणि तिचं बीपी अगदी बरोबर होतं." मी मान हलवली. बॉम्बखाली बरोबर होतं आणि आमच्या बिल्डिंगीत बिघडलं!

तिसऱ्या की चौथ्या वेळी मी पुन्हा बरोबर होतो. डॉक्टरबाईंनी बीपीचा पट्टा सोडला, पेन खाली ठेवलं, आणि त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "हे लोक खोटं बोलतात."

"म्हणजे?"

"मीठ सोडलेलं नाही. अहो, चहातसुद्धा मीठ घालतात! मला काय कळत नाही?" सेक्रेटरीणबाई गुडघ्यांसाठी याच डॉक्टरबाईंकडे जातात. बातमी आमच्या आधी पोचली होती. मग त्याच्याकडे वळून इंग्रजीत, "असंच चाललं तर बाळाला धोका आहे. आणि हिलाही. पुढच्या आठवड्यात बीपी खाली नसेल तर भरती करायची, आणि वेळेआधी बाळ काढावं लागेल. ते जगेल का, मी सांगू शकत नाही. चहातलं मीठ बंद करा!"

त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. ती पडद्यामागं सलवार नीट करत होती. आम्ही रिक्षानं परत आलो. बिल्डिंगीच्या पायऱ्यांशी तिला दम लागला म्हणून ती खालच्या पायरीवर टेकली, आणि तेव्हा त्यानं मला विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती कोड्यात पडल्यासारखी अदब होती.

"अंकल, आम्ही चहात मीठ घालतो असं त्या का म्हणाल्या?"

"तुम्ही घालताच ना," मी म्हणालो. "तुमच्याकडची पद्धत आहे. त्यात लाजायचं काय?"

"आमच्याकडची?" तो माझ्याकडे बघत राहिला. "चहात मीठ कोण घालेल? ती चव तर तुमच्या पाण्याची आहे."

मी रिक्षाचे सुटे पैसे खिशात टाकता टाकता त्याच्याकडे वळलो.

"तुम्हाला ते खारट लागतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. कपड्यांवर पांढरे डाग पडतात. पण तुम्ही सगळे हेच पिता. आम्ही तुमच्या गावात आलेले. पाहुण्यानं यजमानाच्या पाण्याला नाव ठेवायचं नसतं."

"विद्यापीठात पाणी पीत नाहीस का तू?"

"तिथं मशीन आहे. मला वाटलं, ते खास विकतचं. घराघरात असंच असणार."

मी त्या दोघांना दुसऱ्या मजल्यावर आमच्या घरात नेलं. बायकोनं माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता माठातलं पाणी दोन पेल्यांत आणलं. त्यानं घोट घेतला आणि थांबला. तिनं नकाब वर केला, घोट घेतला, आणि मग थांबलीच नाही. एका दमात पेला संपवला, बायकोपुढं धरला, तोही संपवला, आणि तिसऱ्या वेळी पेला हातात घेऊन हळू आवाजात नवऱ्याला अरबीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" बायकोनं विचारलं.

तो फार ओशाळला. सांगेना. शेवटी म्हणाला, "ती विचारते, हे पाणी तुम्ही कुठून आणता."

नळातून आणतो, बाई. तुझ्याच बिल्डिंगीतल्या. आठव्या दिवशी.

तेव्हा मला हिशेब लागला, आणि तो इतका सोपा होता की थुंकावंसं वाटलं. इतके महिने ही दोन माणसं या इमारतीत राहत होती. आम्ही सगळे त्यांच्याकडे जाऊन, खजूर खाऊन, चहा पिऊन आलो होतो, आणि बाहेर पडून त्यांच्या संस्कृतीवर व्याख्यानं झोडली होती. पण एवढ्या बिऱ्हाडांपैकी एकाही घरात, आमचं घर धरून, कुणी त्यांना आत बोलावून पेलाभर पाणी दिलं नव्हतं. दिलं असतं तर पहिल्याच आठवड्यात सगळं कळलं असतं. कुठलीही तपासणी नको, कुठलाही पट्टा नको. दारात आलेल्या पोस्टमनला विचारतो तेवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

मी गच्चीवर गेलो. आमच्याकडे दोन टाक्या आहेत, पालिकेची आणि बोअरची, आणि दोन्हीकडून प्रत्येक फ्लॅटच्या स्वयंपाकघराकडे नळी जाते, प्रत्येक नळीला एक व्हॉल्व्ह. तिसऱ्या मजल्याच्या त्या फ्लॅटचा पालिकेकडचा व्हॉल्व्ह घट्ट बंद होता. वर गंज चढला होता. सेक्रेटरी तिथंच कपडे काढत होते, म्हणजे दोरीवरचे.

"हा कुणी बंद केला?"

"मीच. लई जुना ठराव हाय. भाडेकरूला बोअर. मालक राहतो त्यालाच नळाचं. पाणी पुरत नाय ना सगळ्यांला."

"पण ते पितात ते!"

"कोण? नाय हो, कुणी येडं बी पित नाय. आधीचे सगळे भाडेकरू जार आणायचे. त्यांनी बी आणायचा."

"त्यांना सांगितलं कुणी?"

सेक्रेटरींनी खरोखर आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. "आता हे बी सांगायचं? बोअरचं पित नसतात, एवढं कळत नाय व्हय पीएचडीवाल्याला?"

"पोटुशी आहे ती. डॉक्टर म्हणतात मूल जाईल."

इथं ते जरा गडबडले, हे मी कबूल करतो. दोरीवरून काढलेला टॉवेल त्यांनी उगाच दोनदा झटकला. मग त्यांच्यातला सेक्रेटरी जागा झाला. "आपण मीटिंग घेऊ," ते म्हणाले. "एकट्याच्या मनानं व्हॉल्व्ह नाय फिरवता येत. उद्या सगळेच म्हणतील."

मीटिंग झाली. तासभर हळहळ झाली. चुकचुकण्यात आमची सोसायटी कुणाला हार जाणार नाही. मग ठराव झाला, तो असा: व्हॉल्व्ह आहे तसाच राहील, मात्र बोअरचं पाणी पिऊ नये अशी सूचना जिन्यात लावण्यात यावी. ती लावली. सुंदर अक्षरात, मराठीत. अख्ख्या इमारतीत ज्या दोघांना तिची गरज होती, त्या दोघांनाच ती वाचता येत नव्हती. तो येता-जाता तिच्यापुढं थांबून मान लववायचा. त्याला वाटलं, काहीतरी धार्मिक आहे.

जार त्यांनी आमच्याकडचं पाणी प्यायले त्याच दिवशी सुरू केले होते. पण जारवाला तिसऱ्या मजल्यावर चढायला नाखूश, दोन दिवसांआड दांडी. मग माझी बायको सकाळी आमच्या माठातलं पाणी कळशीत भरून वर घेऊन जाऊ लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं कुणाला विचारलंही नाही. ती मुलगी तिला 'वैनी' म्हणायची, कारण भाजीवाली म्हणायची. वर जाऊन दोघी काय बोलायच्या कोण जाणे, पण खाली येताना बायको कधी हसत यायची, कधी डोळे पुसत. मी विचारलं की म्हणायची, "तुम्हाला सांगितलं की गावभर होतं."

आठवडा भरला. आम्ही चौघं दवाखान्यात. भरतीची पिशवी भरूनच नेली होती. त्यात बाळाचे इवलेसे पांढरे कपडेही होते, आणि तो ती पिशवी पोटाशी धरून बसला होता. डॉक्टरबाईंनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. परत भरली. आम्ही सगळे त्या काट्याकडे बघत होतो. बीपी उतरलं होतं. पूर्ण नाही, पण उतरलं होतं. भरती नको, म्हणाल्या, आठवड्यानं दाखवा. मी काही डॉक्टर नाही. गोळ्यांनीही काम केलं असेल. पण गोळ्या तर आधीही चालूच होत्या.

डॉक्टरबाई खुर्चीत मागं रेलल्या. चेहऱ्यावर विजय. "सोडलं ना शेवटी मीठ?" त्या त्याला म्हणाल्या. "मी म्हटलं होतं. ऐकलं असतं तर एवढं झालंच नसतं."

मी तोंड उघडलं. त्यानं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि अदबीनं म्हणाला, "यस, मॅडम. थँक यू, मॅडम." त्याला अजून तिथं यायचं होतं. बाळ याच बाईंच्या हातून व्हायचं होतं. कुणापुढं मान झुकवली म्हणजे आपलं माणूस वाचतं, हे तो आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त शिकून आला होता.

पण ती नव्हती शिकली. ती तपासायच्या टेबलावरून उतरली, बाही खाली केली, आणि भाजीवालीच्या हिंदीत म्हणाली, "नमक पानी में था, डॉक्टरनी. तुम बोले पानी पियो, तो मैं पी. पूछे कायकू नहीं, कौनसा पानी?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तिला संवाद पाठ करून दिला होता. मग घंटी वाजवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाळ दिवस भरून झालं. मुलगी. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. बापानं सगळ्या बिल्डिंगीला पेढे वाटले, कुणीतरी त्याला इथली पद्धत सांगितली होती. ही एक मात्र बरी आठवणीनं सांगितली. आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा सेक्रेटरी स्वतः चढून वर आले. पेढा तोंडात टाकला, बाळाच्या हातावर नोट ठेवली, "लई गोड हाय," म्हणाले, आणि ते खरंच विरघळले होते. जाता जाता दारात थांबले. खिशातून रुमाल काढून बोटं पुसली आणि मला जरा बाजूला घेतलं.

"एक सांगायचं होतं. आता त्यांच्यात माणूस वाढलं. पाणीपट्टी माणसागणिक हाय आपल्याकडं. तेवढं त्यांच्या कानावर घाला."

मी काही बोलणार तेवढ्यात, आत बाळाला मांडीवर घेऊन बसलेली माझी बायको ओरडली, "भाऊजी, दूध पितंय ते अजून!"